खोली कोणाच्या नावावर?

गेल्या महिन्यात आमच्या सल्लाकेंद्रावर एक मुलगी आली. लातूरकडची. इथे पुण्यात एका दवाखान्यात नुकतीच कामाला लागलेली. तिची तक्रार अशी काही नव्हती. ओळखीच्या बाईंनी पत्ता दिला म्हणून आली होती. म्हणाली, "ताई, उद्या खोली बघायला चाललेय. काय काय बघून घेऊ?"

मी सवयीने सांगून टाकलं. नळाला पाणी किती वाजता येतं ते विचार. भिंतीला ओल आहे का बघ. संडास आत आहे की बाहेर, विजेचं मीटर वेगळं आहे की नाही, ते बघ. तिने सगळं लिहून घेतलं आणि गेली. ती गेल्यावर मात्र मला चुटपुट लागून राहिली. जे सांगायला हवं होतं तेच राहिलं. आणि ते राहिलं याचं कारण, आम्ही संघटनेच्या बायकांनी सुद्धा खोली भाड्याने घेणं हा कधी आपला प्रश्न मानला नाही.

२०११ सालची गोष्ट सांगते. ती आठवली की अजूनही मान खाली जाते. दोन मुलं घेऊन एक बाई आमच्याकडे आली होती. दोन ठिकाणी पोळ्या लाटायची. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घराबाहेर पडली होती. आम्ही पोलीस चौकीत तक्रार नोंदवली, कोर्टात कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज टाकला, मुलांचे शाळेचे दाखले काढले. खोलीही शोधली. घरमालक म्हणाला, "बाईच्या नावाने देत नाही आम्ही. मागाहून भानगडी होतात. पुरुषमाणूस कुणी असेल तर बोला." आम्ही तिच्या भावाला बोलावलं. तो आला, मालकाशी बोलला, हात मिळवले. आम्ही वर्गणी करून दहा हजार रुपये डिपॉझिट जमवलं होतं. ते भावाच्या हातून मालकाच्या हातात गेलं. कागद नाही, पावती नाही. खोली मिळाली याचाच आम्हाला केवढा आनंद!

चार महिन्यांनी नवरा मेव्हण्याला भेटला. दोघांचं काय ठरलं ते देव जाणे. भावाने मालकाला फोन करून सांगितलं, आम्ही खोली सोडतोय. मालकाने डिपॉझिट भावाला परत दिलं आणि बाई कामावर गेलेली असताना दाराला आपलं कुलूप लावलं. आम्ही धावत गेलो, तर मालक म्हणाला, "ज्यांना खोली दिली त्यांनी सोडली. या बाईंना मी ओळखत नाही." पंधरा दिवस ती मुलांना घेऊन इकडेतिकडे राहिली आणि नवऱ्याकडे परत गेली. जाताना मला म्हणाली, "ताई, केस तुम्ही माझ्या नावानं केली. खोली मात्र भावाच्या नावानं घेतली."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

खरं तर मला हे आधीच कळायला हवं होतं. १९९३ साली मी स्वतः पुण्यात खोली शोधत होते. एका वाड्यात मालकीणबाईंनी बसवून घेतलं, चहा दिला. आडनाव विचारलं, गाव विचारलं. तोवर सगळं ठीक होतं. मग विचारलं, "आणि मिस्टर कुठे असतात?" मिस्टर नाहीत म्हटल्यावर बाईंचा चेहराच बदलला. "आमच्याकडे फॅमिलीच लागते हो." अशा बऱ्याच ठिकाणांहून परत आले. शेवटी माझे वडील गावाहून आले, ओट्यावर बसून मालकाशी शेतीभातीच्या गप्पा मारल्या, "पोरगी आमची सरळ आहे" अशी हमी दिली आणि मला खोली मिळाली. नोकरी मी करत होते, भाडं मी भरत होते. पावती मात्र वडिलांच्या नावाने निघायची. रेशनकार्ड काढायला गेले तेव्हा राहत्या जागेचा माझ्या नावाचा एकही कागद माझ्याजवळ नव्हता. मी त्या शहरात सहा वर्षं राहत होते आणि कागदोपत्री कुठेच नव्हते.

आपण घर तपासायला जातो असं म्हणतो. पण बाई एकटी असली की आधी घरमालक तिला तपासतो. लग्न झालंय का, झालं असेल तर नवरा कुठे, रात्री किती वाजता येता, कोण कोण भेटायला येणार, काय खाता. तिच्या चारित्र्याचा दाखला झाला की मगच तिला नळ उघडून बघता येतो. या झडतीने बाई इतकी दबून जाते की मिळेल ते घर, मिळेल त्या अटींवर घेते. कागद मागायची तिला हिंमत होत नाही. मागितला तर "कायदा शिकवणारी बाई" म्हणून हातचं जायचं! तेव्हा माझं म्हणणं असं, की पाणी, वीज, ओल हे बघाच, पण सगळ्यात आधी बघा की कागद होणार आहे का आणि त्यावर नाव कोणाचं असणार आहे.

यात कायदा आपल्या बाजूचा आहे, हे आपल्याला पुरेसं माहीत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे घर भाड्याने द्या नाहीतर ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर द्या, करार लेखी हवा आणि नोंदणी केलेला हवा. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे, आपली नाही. केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. नोंदलेला करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर भाडेकरू सांगेल ते खरं धरायचं, जोवर मालक ते खोटं ठरवत नाही तोवर. २०११ साली हे कलम मला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी आम्ही अडलो असतो, कारण भाडेकरू म्हणून पुढे आम्ही भावाला केलं होतं.

नोंदणी म्हणजे फार मोठं काम असं वाटतं. तसं आता राहिलेलं नाही. अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो, अर्ध्या तासात काम होतं. शहरी भागात नोंदणी फी हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. वर थोडं मुद्रांक शुल्क आणि एजंटाची मजुरी. हा खर्च कोण करणार ते आधी ठरवावं. अर्धा अर्धा करायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे.

करार झाला तरी सही करण्याआधी तो वाचा, वाचता येत नसेल तर आपल्या माणसाकडून वाचून घ्या. हे मी जोर देऊन सांगते, कारण याच कायद्याचं २४वं कलम म्हणतं, की लेखी लायसन्समध्ये जे लिहिलं आहे ते निर्णायक पुरावा मानलं जाईल. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणजे ही दुधारी सुरी आहे. मुदत कधी संपते, मधेच सोडायचं झालं तर किती दिवसांची नोटीस, ती नोटीस दोघांनाही सारखी आहे की फक्त आपल्याला, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, त्यातून काय काय कापणार, नळ गळला किंवा छत गळलं तर खर्च कोणाचा, हे सगळं कागदावर आलं पाहिजे. डिपॉझिट कितीही थोडं असो, बँकेतून किंवा मोबाईलवरून द्या, रोख दिलंत तर तिथल्या तिथे सहीची पावती घ्या. आणि ज्याला पैसे देताय तो खरोखर मालक आहे का ते बघा. घरपट्टीची पावती, वीजबिल, घराच्या दस्ताची सूची क्रमांक दोन, यातलं काहीतरी दाखवायला सांगा. आपणच भाडेकरू असलेली माणसं खोली पुढे दुसऱ्याला देतात आणि एक दिवस खरा मालक दारात उभा राहतो, असं पुष्कळदा घडतं.

आता प्रत्यक्ष खोलीकडे वळू. घर दोनदा बघावं, एकदा दिवसा आणि एकदा रात्री आठ-नऊ वाजता. कामावरून आपण ज्या वेळी परतणार त्या वेळी. बसथांब्यापासून चालत या. रस्त्यावर दिवे आहेत का, जिन्यात दिवा आहे का, कोपऱ्यावर कोण बसलेलं असतं, हे दिवसा दिसत नाही. संडास सामाईक असेल तर तो किती लांब आहे आणि आतून कडी लागते का, हे स्वतः लावून बघा. पाणी पहाटे तीनला येत असेल तर ते भरायला उठणार बाईच, आणि दिवसभर कामावर पेंगणारही तीच. शेजारच्या बायकांशी दोन शब्द बोला. आधी इथे कोण राहत होतं आणि त्यांनी खोली का सोडली, याचं उत्तर मालकापेक्षा शेजारीण खरं देते.

किल्लीचं विचारा. एक किल्ली आमच्याकडे राहील, असं पुष्कळ मालक सहज सांगतात. आमच्याकडे आलेल्या एका बाईचा घरमालक ती अंघोळीला गेली की "गळती बघायला" म्हणून दार उघडून आत यायचा. ती कोणाला सांगणार? भाडं वेळेवर घेणारा, वयस्कर, देवमाणूस! कायदा काय सांगतो? कलम २८ प्रमाणे मालकाला घर बघायचा हक्क आहे, पण आधी कळवून आणि वाजवी वेळी. लायसन्सवर राहणाऱ्यांनाही हे लागू आहे. तेव्हा राहायला जाताना आपलं कुलूप घेऊन जा. दाराला आतून कडी नसेल तर ती बसवून मगच सामान हलवा. बाथरूमच्या झरोक्याला काच नसेल तर ती लावून मागा. कॅमेरे असतील तर त्यांची तोंडं कुठे आहेत ते बघा. यात लाजण्यासारखं काही नाही.

न लिहिलेल्या अटी मात्र सगळ्यात जाचक असतात. दहानंतर यायचं नाही. पुरुष पाहुणा नको, भाऊ असला तरी नको. गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत. या अटी कुठल्याच करारात नसतात, त्या जिन्यात सांगितल्या जातात. त्यांवर माझा एक साधा उपाय आहे. मालक अशी अट सांगू लागला की शांतपणे म्हणावं, "हे करारात लिहा." बहुतेक जण लिहीत नाहीत, कारण लिहिलं की ते किती विचित्र दिसतं ते त्यांनाच कळतं. सोसायटीचा नियम म्हणून सांगितलं तर नियमाचा कागद मागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत सभासदाने भाडेकरू ठेवल्याचं कळवायचं आहे. पोलिसांकडेही माहिती द्यायची असते. दोन्हीकडे ही माहिती देणं आहे, कुणाच्या वागणुकीचा परवाना काढणं नव्हे. आणि भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटीने सभासदाकडून वाटेल तेवढी रक्कम घ्यायची नाही. २००१ च्या सरकारी आदेशाने त्यावर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. "सोसायटी फार पैसे मागते हो" असं म्हणून भाडं वाढवलं तर हे सांगता येतं.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. १९९३ मध्ये त्या मालकीणबाई चहापर्यंत तरी आल्या, त्या माझ्या आडनावामुळे. माझ्या दलित आणि मुसलमान मैत्रिणींना चहासुद्धा मिळत नाही. "नॉनव्हेज खाता का?" हा प्रश्न स्वयंपाकाबद्दलचा नसतो, जात विचारायची ती सभ्य तऱ्हा आहे. १९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीसाठी गेले, तर त्यांना राहायला जागा मिळेना. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं, आणि ओळख कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. त्याला शंभर वर्षं उलटून गेली. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. भाड्याचं घर शोधणाऱ्या दलितांना आणि मुसलमानांना आजही नकार मिळतात, असंच त्यात दिसलं. घटनेचं १५वं कलम धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव करायला सरकारला मनाई करतं, पण खाजगी घरमालकाच्या उंबऱ्याशी ते थांबतं. एका समाजापुरतंच सभासदत्व ठेवणाऱ्या गृहनिर्माण सोसायटीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मान्य केला. तेव्हा एकट्या बाईचा प्रश्न सोडवताना आपण फक्त "चांगल्या घरच्या" एकट्या बाईचा प्रश्न सोडवत असू, तर आपली चळवळ कोणासाठी आहे हे एकदा स्वतःला विचारायला हवं.

लग्न झालेल्या मैत्रिणींनी हे पान उलटू नये. भाडेकरार नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असतो, कारण दोघांची नावं घाला असं कोणी म्हणतच नाही. म्हणा. दुसरं नाव घालायला जास्तीची फी पडत नाही. उद्या काही बिनसलं तर त्या एका ओळीला फार मोल येतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर भाड्याचं असलं तरी. याच कायद्याच्या १९व्या कलमाखाली कोर्ट नवऱ्याला पर्यायी घर द्यायला किंवा त्याचं भाडं भरायला सांगू शकतं. पुष्कळ अर्जांत आपण पोटगी मागतो आणि घरभाडं मागायला विसरतो. सासऱ्यांच्या मालकीच्या घरातही सुनेचा राहण्याचा हक्क असू शकतो, असं २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आणि २००५ सालच्या एका निकालात, नवऱ्याने टाकलेली बायको भाड्याच्या घरात राहत असेल तर मालकाच्या खटल्यात ती स्वतः उभी राहून लढू शकते, असंही म्हटलं आहे. पण घटस्फोट झाला की तो आधार जातो. म्हणून उसन्या हक्कापेक्षा कागदावर आपलं नाव बरं.

काही जणी म्हणतील, घरमालक काय सगळे राक्षस असतात का? मुळीच नाही. कितीतरी ठिकाणी मालकीण ही विधवा बाई असते, मागच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर तिचं औषधपाणी चालतं. भाडेकरू घर बळकावेल, ही तिची भीती खरी आहे. पण तिलाही नोंदलेल्या कागदाचाच आधार आहे, कारण मुदतीनंतर ताबा मिळवायचा सोपा रस्ता त्यानेच मिळतो. हे तिला समजावून सांगितलं की ती ऐकते, असा माझा अनुभव आहे. तोंडी व्यवहारात दोन बायका एकमेकींना घाबरून राहतात. कागद झाला की दोघींना झोप लागते.

पण हे सगळं एकटीने करायचं नाही. आमच्या केंद्रात आम्ही आता तीन गोष्टी सुरू केल्या आहेत. एक, खोली बघायला कोणतीही बाई एकटी जात नाही, संघटनेची एक जण सोबत जाते. हमी द्यायला नाही, साक्षीला. दोन, एक वही ठेवली आहे. कोणत्या भागात एकट्या बाईला खोली मिळते, कोणता मालक करार करतो, कोण डिपॉझिट अडकवतो, हे राहून आलेल्या बायका त्यात लिहितात. तीन, बचत गटांतून थोडं थोडं काढून डिपॉझिटचा निधी केला आहे. बाई घर सोडेल तेव्हा मिळालेलं डिपॉझिट परत निधीत येतं. आमचा नियम एकच आहे. निधीतून पैसे हवे तर करार बाईच्याच नावाने झाला पाहिजे.

गावोगावच्या संघटनांनी असं काही सुरू करावं, असं मला वाटतं. सरकारकडे मागायचं तेही एकत्र मागू या. घर भाड्याने देताना जात, धर्म आणि एकटेपणा यांवरून नकार देणाऱ्याला जाब विचारणारा कायदा हवा. नोकरी करणाऱ्या बायकांची वसतिगृहं तालुक्याच्या गावीही हवीत, आणि तिथे मुलांना घेऊन राहता आलं पाहिजे. महाराष्ट्राने १९९४ साली महिला धोरण आणलं, तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं होतं. घर सोडून निघालेल्या बाईने पहिली रात्र कुठे काढायची आणि दुसरा महिना कुठे काढायचा, हे ज्या धोरणाला सांगता येत नाही ते अपुरंच म्हणायचं.

त्या लातूरच्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. म्हटलं, थांब, मी पण येते. आम्ही दोघी गेलो. पाणी सकाळी सहाला येत होतं, भिंतीला ओल नव्हती, जिन्यात दिवा होता. मालक म्हणाले, "वडिलांना एकदा बोलवा, त्यांच्या नावाने करू." ती माझ्याकडे बघायला लागली. मी काहीच बोलले नाही. मग तीच म्हणाली, "काका, पगार माझा आहे. नाव माझंच घाला."

काकांनी जरा वेळ घेतला. पण घातलं.